हार आपली असली पाहिजे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू माझ्याकडे माझ्या सर्वांत आवडत्या व्हिडिओ गेमची यादी मागितली आहेस आणि त्याच दमात असेही लिहिले आहेस की, ‘काका, तुम्हाला ते खेळ अजून आवडतात ते केवळ तुमचे बालपण त्यांत अडकले आहे म्हणून, असे आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचे म्हणणे आहे.’ सगळ्यांचे म्हणणे कळले. तुझे काय आहे ते पत्रात कुठेच नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही गेम बनवत आहात. त्यात रोजचे बक्षीस ठेवावे की नाही, नाणी विकत घेण्याची सोय ठेवावी की नाही, हरल्यावर जाहिरात पाहून पुढे जाऊ द्यावे की नाही, यावरून तुमचे वाद चालले आहेत. आणि तू स्वतः मात्र मोबाइलवरचा एकही गेम महिनाभराहून अधिक आवडत नाही म्हणून चिंतेत आहेस. यातली ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच तू ताजा कलम म्हणून लिहिली आहेस.

यादी हवी तर घे. पॅकमॅन, टेट्रिस, सुपर मारिओ, कॉन्ट्रा, प्रिन्स ऑफ पर्शिया, आणि अलीकडचा म्हणून सेलेस्ट. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग आणि खानापूरच्या बसमध्ये ज्याने मला पुष्कळदा तारले तो नोकियातला साप, हे दुसऱ्या रांगेत. या सगळ्यांत समान काय आहे ते एकदाच नीट सांगतो आणि मग पत्रभर तेच सांगत राहणार आहे: या खेळांत मी हरतो तेव्हा ती हार माझी असते. कुठे चुकलो ते त्याच क्षणी कळते, आणि पुढच्या वेळी ते टाळणे माझ्या हातात असते. एवढे असेल तर खेळ चाळीस वर्षे टिकतो. एवढे नसेल तर त्यातली चित्रे कितीही देखणी असोत, तो पावसाळाभरही टिकत नाही.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बोळात तेव्हा व्हिडिओ गेमचे दुकान होते. दोन टीव्ही, मुंबईहून आलेले नकली खोके, फुंकर मारून बसवायच्या कॅसेट आणि अर्ध्या तासाच्या हिशेबाने पैसे. शहापूर-वडगावची विणकरांची मुले, कॅम्पातली उर्दू बोलणारी मुले आणि बाजाराला आलेल्या बापाची वाट पाहत बसलेली खेड्यातली कानडी मुले एकाच बाकावर असत. पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून आपल्या जिल्ह्यात काय काय होते ते तुला ठाऊक आहे. १९८५ सालच्या त्या जपानी मारिओला मात्र पाटीच लागत नव्हती. पहिला टप्पा आठव. मारिओ डाव्या कडेला उभा आणि उजवीकडे सगळे मोकळे, म्हणजे जायचे कुठे ते ठरलेच. दोन पावलांवर गुंबा नावाचा तो तपकिरी शत्रू चालत येतो. त्याला धडकून मेले तरी टप्पा आत्ताच सुरू झालेला असल्यामुळे वाया काहीच जात नाही. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोके लागले की नाणे निघते. मग दुसऱ्या ठोकळ्यातून अळंबी निघते, उजवीकडे सरकते, पाइपला आपटते आणि उलटी आपल्याच अंगावर येते. डोक्यावर विटा असल्याने उडी मारून तिला चुकवणेही अवघड, आणि अंगाला लागल्यावर कळते की हिच्यामुळे आपण मोठे होतो. ही मांडणी जाणूनबुजून केलेली होती असे तो खेळ घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितले आहे.

त्याच टप्प्याच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, त्या तू लक्ष देऊन पाहिल्या नसतील. पहिल्या जोडीच्या मधे सपाट जमीन आहे. दुसऱ्या जोडीच्या मधे खड्डा आहे. उडी एकच. पहिल्या ठिकाणी ती चुकली तर खाली उतरून पुन्हा चढता येते, दुसऱ्या ठिकाणी चुकली तर जीव जातो. दुसऱ्या ठिकाणी जो मेला त्याला कुणालाही बोल लावता येत नाही, कारण त्या उडीची तालीम त्याला दहा पावलांपूर्वीच मिळालेली असते. हार त्याची.

पॅकमॅनची गोष्ट याहून मजेशीर आहे. १९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी तो चक्रव्यूहात ठिपके खात पळण्याचा खेळ घडवला. त्यातली चार भुते पिसाटल्यासारखी धावतात असे आम्हाला वाटायचे, पण प्रत्येकाचा स्वभाव बांधून दिलेला आहे. तांबडे थेट आपल्या जागेवर चाल करते. गुलाबी आपल्या तोंडासमोर चार घरे पुढची जागा धरते, म्हणून ते वाट अडवायला आल्यासारखे वाटते. निळसर भूत आपली जागा आणि तांबड्याची जागा दोन्ही हिशेबात घेते. नारिंगी दूर असताना पाठलाग करते आणि आठ घरांच्या आत आले की स्वतःच्या कोपऱ्याकडे वळते. गुलाबीच्या हिशेबात तर मूळ प्रोग्रॅममध्ये एक चूक राहून गेली आहे: आपले तोंड वर असेल तेव्हा ते चार घरे वर आणि चार घरे डावीकडे असा तिरका अंदाज घेते. पण ही चूक नेमाने होते, रोज होते, सगळ्यांच्या बाबतीत होते, म्हणून खेळाडूंनी ती हेरली आणि तिचा उपयोग करून घेतला. मुली, हे नीट लक्षात घे. निर्दोष खेळ मला नको आहे. चुका असल्या तरी चालतील, पण त्या रोज त्याच असल्या पाहिजेत. आज माझ्या बाजूने आणि उद्या मी पैसे भरले नाहीत म्हणून माझ्या विरुद्ध, असा खेळ वागला की माझ्या हरण्याला अर्थच उरत नाही.

टेट्रिसमध्ये हे सगळ्यात शुद्ध रूपात दिसते, कारण तिथे जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून चौकोन कंसांच्या खुणांनी उभे केले होते. वरून पडणारे सात आकार, प्रत्येकात चार चौकोन, आणि भरलेली ओळ नाहीशी होते; नियम संपले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १९८९ सालच्या निन्टेन्डो आवृत्तीत १५७वा टप्पा गाठला आणि तिथे प्रोग्रॅमच थिजला. त्या यंत्रावर माणसाने टेट्रिसला थकवल्याची ती पहिलीच नोंद. तो मुलगा जन्मला तेव्हा त्या आवृत्तीला वीस वर्षे उलटून गेली होती. त्याचे कोणते बालपण तिच्यात अडकले होते, ते तुझ्या ग्रुपला विचार.

त्या जुन्या आवृत्तीत एक उणीव होती. लांब दांडीची वाट पाहत भिंतीलगत फट सोडावी आणि दांडी येतच नाही, असे व्हायचे. तेव्हा मनात यायचे की हरलो खरा, पण ही हार माझी नाही. पुढे अधिकृत आवृत्त्यांनी सातही तुकडे जणू एका पिशवीत घालून ढवळायचे, एकेक करून काढायचे आणि पिशवी रिकामी झाल्यावरच नवी भरायची असा नियम केला. त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मधे जास्तीत जास्त बारा तुकडे येऊ शकतात. नशीब राहिले, पण त्याला कुंपण पडले, आणि ते कुंपण कुठे आहे ते खेळणाऱ्याला ठाऊक झाले. गेम बनवणाऱ्याने आपली बुद्धी अशा कामाला लावायची असते. नाण्यांच्या पेटीला कोणता रंग द्यावा यावर तुमच्या मीटिंगा होतात हे वाचून मला खरोखर वैताग आला.

इथे तू मला तुझ्या आजीच्या चौकाबाऱ्याने अडवशील. तो तर सगळा दानाचाच खेळ, आणि अजूनही ती दुपारी मांडी घालून बसली की उठत नाही! बरोबर आहे. पण दान सगळ्यांसमोर पडते. कवड्या असोत की फोडलेले चिंचोके, ते फरशीवर उडतात, लोळतात, आणि किती उताणे पडले ते चारही जणी वाकून पाहतात. कुणी हात मारला तर आरडाओरडा होतो. नशिबाशी माझे भांडण नाही. पडद्यामागे पडणाऱ्या दानाशी आहे. मोबाइलमधली ती बक्षिसाची पेटी फुटताना चमकते, थरथरते, पण आत काय निघणार ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले असते, आणि तो आकडा उद्या बदलला तरी तुला कळत नाही. बेल्जियमने २०१८ सालीच पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली. पण कायद्यात बसते का हा प्रश्न तू मला विचारूच नकोस. कायद्यात बसणाऱ्या कितीतरी खेळांत हार आपली नसते.

बालपणाच्या आरोपाला आणखी एक उत्तर आहे. बालपण म्हणून सगळेच आवडत असते तर त्या कॅसेटींतले सगळेच खेळ आज आवडायला हवे होते. वेष्टनावर लाखभर खेळ छापलेले आणि आत तेच ते पाच-सहा फिरवून भरलेले, असल्या कॅसेटींवर आमचा जीव होता. त्यातल्या बहुतेक खेळांकडे आज मी ढुंकूनही पाहणार नाही. माइनस्वीपर, म्हणजे आकड्यांवरून लपलेले सुरुंग ओळखण्याचा खेळ, मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुष्कळ खेळलो. १९९२ पासून तो विंडोजबरोबर फुकट येत असे. सोळा गुणिले तीसचा पट, नव्याण्णव सुरुंग, पहिल्या टिचकीला कधीच सुरुंग लागत नाही, इथपर्यंत सगळे सभ्य. पण सगळा पट तर्काने उलगडल्यावर शेवटच्या कोपऱ्यात दोन घरे उरतात, कोणत्याही आकड्यावरून निवाडा होत नाही, आणि डोळे मिटून टिचकी मारावी लागते. तिथे मेलो तर ती हार कुणाची? म्हणून तो यादीत नाही. त्याच्याशी माझ्या कितीही आठवणी जोडलेल्या असोत, नाही म्हणजे नाही.

कॉन्ट्रा यादीत का, असे तू विचारशील, कारण त्यात गोळी लागली की मरण आणि जीव तीनच. तो अवघड आहे, पण अन्यायी नाही. गोळी पडद्यावर दिसते, हळू येते, आणि बहुतेक सैनिक कुठून निघणार ते ठरलेले असते. तीस जीव मिळवून देणारा तो प्रसिद्ध संकेत, वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे आणि मग बी, ए, हा मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रेडियस या खेळाच्या घरगुती आवृत्तीत घातला, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना. पुढे कॉन्ट्रात तोच तीस जीवांसाठी आला. आमच्या दुकानात एखाद्या पोराला तो कळला की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळायचा. ही सवलत फुकट होती, सगळ्यांना सारखी होती आणि खेळ सुरू होण्याआधीच घ्यायची होती. तुमच्या जाहिरातीची खिडकी मेल्यानंतर उघडते, माणूस चिडलेला असताना उघडते, आणि चूक काय झाली हे पाहण्याचा जो एक क्षण त्याला मिळायला हवा तोच खाऊन टाकते.

प्रिन्सबद्दल थोडक्यात सांगणे मला जमत नाही, तरी प्रयत्न करतो. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून १९८९ साली हा खेळ ॲपल टूवर आणला. टिळकवाडीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्हाला तो डॉसवर मिळाला. साठ मिनिटे आणि राजकन्या. त्यातला राजपुत्र बटण दाबताच उडत नाही, त्याला माणसासारखे पाऊल टाकावे लागते, म्हणून उडीचा विचार एक पाऊल आधी करावा लागतो. सैल फरशी पडण्याआधी थरथरते. सुळ्यांमधून धावलीस तर मरशील, सावकाश चाललीस तर काही होत नाही. आणि बाराव्या टप्प्यात आरशातून निघालेली आपलीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारले की आपलाच जीव कमी होतो. एकही शब्द न लिहिता खेळ सांगतो की तलवार म्यान कर आणि तिच्याकडे चालत जा. मग दोघे एक होतात. आम्ही कितीतरी दिवस तिला मारून मरत होतो, आणि ज्या दुपारी आमच्यातल्या एकाने कंटाळून तलवार खाली केली त्या दुपारी वर्गातल्या सगळ्या खुर्च्या आमच्या मागे गोळा झाल्या. उत्तर पहिल्या वारापासून डोळ्यांसमोर होते. ते दिसले नाही, ही हारही आमचीच.

मी जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक लहानसा खेळ लिहायला घेतला होता. बाणाच्या खुणेने बनलेला पक्षी आणि तारांची रांग, एवढाच. आमच्या आप्पांना त्याचा उपयोग काय हे मला सांगता आले नाही आणि तो तसाच राहिला. पुढे संसार, शिफ्ट, चारचौघांत शोभत नाही म्हणून कितीतरी वर्षे मी कशालाही हात लावला नाही. त्या वर्षांची खंत आहे, आणि वाचलेल्या वेळात मी काही दिवे लावले असेही नाही. मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनचे प्रोग्रॅम लिहिताना मला जे उपयोगी पडले ते या खेळांतूनच आले, असे मी कुणाहीपुढे म्हणेन: जॉब रिजेक्ट झाला की बाकीचे मशीनला शिव्या घालायचे, आणि मी आपला ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेले माप, पुन्हा तपासायचो, कारण मशीन तेच करते जे आपण सांगितलेले असते. पुण्या-बेंगळुरूला गेलेले माझे सोबती मला ‘अजून मारिओच का?’ असे विचारतात तेव्हा हसतात. हसू देत. मी हे स्वतःच्या समर्थनासाठी लिहितो आहे असे तुला वाटेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. त्याने मुद्दा खोटा ठरत नाही.

आता सेलेस्ट. २०१८ सालचा खेळ, माझे केस पिकल्यावर भेटलेला. इथे बालपणाचा प्रश्नच नाही. डोंगर चढणारी एक घाबरट पोरगी, मेली की त्याच पडद्यावर लगेच पुन्हा उभी, आणि प्रकरण संपल्यावर आपण किती वेळा मेलो तो आकडा समोर. तू बरोबर बोट ठेवले आहेस की, त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाचा काही अंश उडी मारता येते आणि हे खेळ आपल्याला सांगत नाही. ‘मग ही फसवणूक नव्हे का?’ हा तुझा प्रश्न मला आवडला, आणि दोन दिवस त्याने त्रासही दिला. माझे उत्तर असे: ती सवड सगळ्यांना सारखी आहे, दर वेळी तेवढीच आहे, आणि तुझे बोट उडीचे बटण दाबायला निघालेले असताना डोळ्याला लागणारा उशीर ती भरून काढते. उडी मारायचीच नव्हती त्याला ती वाचवत नाही. तिच्यामुळे हार तुझ्यापासून दूर जात नाही, उलट जी हार तुझी नव्हती तेवढी गळून जाते. हे उत्तर तुला पुरेसे वाटले नाही तर भांडायला ये, पण सगळ्यांचे म्हणणे घेऊन येऊ नकोस, स्वतःचे घेऊन ये.

तू पाठवलेला तुमचा गेम मी खेळलो. राजहंसगडाच्या तटावरून धावणारी ती पोरगी छान जमली आहे, तिची वेणी उडीबरोबर उशिरा वर जाते ते तर फारच छान. पण दुसऱ्या टप्प्यात बुरुजावरून खाली उडी घ्यावी लागते तेव्हा खालची जमीन पडद्यावर दिसत नाही. मी डावीकडे उडालो, मेलो. उजवीकडे उडालो, वाचलो. दोन्ही वेळा मी काहीच केले नव्हते. आणि नेमक्या त्याच जागी जाहिरातीची खिडकी उघडते. तुमच्या ग्रुपमधल्या कुणालातरी हे आधीच ठाऊक होते असा मला दाट संशय आहे: तो खड्डा गडाचा नाही, त्या खिडकीचा आहे. कॅमेरा खाली आण, किंवा तटावरचा एक दगड आधी खाली पडू दे म्हणजे तो कुठे आपटतो ते दिसेल. खड्डा हवा तेवढा रुंद कर, माझी ना नाही. तो दिसला की तुझा गेम महिनाभर टिकतो का, हे तुझे तुलाच कळेल, कारण तो तू स्वतः खेळत राहशील.

परीक्षकांनी व्हायव्हात ‘खेळणारा परत का येईल?’ असे विचारले तर रोजच्या बक्षिसाचा तक्ता दाखवू नकोस. त्यांच्या हातात गेम दे आणि त्यांना मरू दे. रविवारी मी घरीच आहे. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आण, आमच्याकडे तुझ्या चार्जरची पिन बसत नाही. नाण्यांची खिडकी काढून आण. ती दिसली तर मी पहिल्या टप्प्याच्या पुढे जाणार नाही.

तुझा,
काका